जायला तीन पळ्या, यायला एकोणीस

मी एक जुनी पितळी समई आहे. सोलापूरच्या भवानी पेठेत, एका बोळातल्या दोन खोल्यांच्या घरात, देवघराच्या कोनाड्यात मी राहते. माझी उंची हातभर. माथ्यावर एक लहानसा नंदी बसलेला आहे आणि वर्षानुवर्षं घासून घासून त्याचं एक शिंग पार झिजलं आहे. माझ्या वाटीला पाच वातींची जागा आहे. पण मित्रांनो, आज तिथं एकही वात नाही. तळाशी वाळलेल्या तेलाचा चिकट थर आहे आणि त्यावर धूळ बसली आहे.

माझी गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. सांगताना चुकून कुणाला दोष लागला तर देव मला क्षमा करो, कारण या गोष्टीत वाईट माणूस कुणीच नाही.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. त्यानं आधी मला मेणाची घडवली. मग मेणावर माती लिंपली. मग भट्टीत मेण वितळून वाहून गेलं आणि आत जी रिकामी जागा राहिली, तिच्यात तापलेलं पितळ ओतलं. पहिला चटका मला अजून आठवतो. पण ओतारी म्हणाला होता, "दिव्याच्या जातीला चटक्याचं काय भ्या?" त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढलं.

संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत मी मांडलेली होते. अक्कलकोटकडच्या एका बाईनं मला उचललं, माझा नंदी बोटानं चाचपला, आणि आपल्या लेकीच्या लग्नात मला रुखवतावर ठेवलं. ती लेक म्हणजे अक्कम्मा. तिच्याबरोबर मी या घरात आले. तिच्या आईनं पाठवणीच्या वेळी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, समईला कधी उपाशी ठेवू नको. दोन, व्रत करशील ते कुणाला बोलून दाखवू नको, बोललेल्या व्रताचं तेज जातं.

अक्कम्मानं दोन्ही पाळल्या. पहाटे अंघोळ, मग लिंगपूजा, मग मला तेल, आणि त्यानंतर तिच्या तोंडात पाण्याचा पहिला घोट. सोमवारी एकच वेळ जेवण. श्रावणात तेही अळणी. दर शनिवारी चिंच आणि मीठ लावून ती मला अशी घासायची की मी नवी नवरी वाटावी. आल्यागेल्या बायका म्हणायच्या, "अक्कम्मा, तुजी समई लई लखलखती बाई!" ती हसायची आणि पदर सावरायची.

तिचा नवरा सिद्रामप्पा. चादरींच्या कारखान्यात तो यंत्रमागाचा फिटर होता. तीस वर्षं मागाच्या खडखडाटात उभं राहून त्याला कमी ऐकू यायचं. त्यामुळं तो मोठ्यानं बोलायचा, मोठ्यानं हसायचा, आणि घरातल्या मोबाईलचा आवाज कायम बाहेर, सगळ्यांना ऐकू जाईल असा सोडलेला असायचा. देवाधर्माचं त्याला फार नव्हतं. "देवाचं खातं हिच्याकडं, यंत्राचं माज्याकडं," म्हणायचा. पण अक्कम्माच्या व्रताला त्यानं कधी हात लावला नाही.

त्यांना एकच मुलगी, पूनम. माझ्याच उजेडात ती पाढे शिकली. शिकली, शिकली, आणि एक दिवस नोकरीसाठी अमेरिकेला निघाली. गावाचं नाव सॅन फ्रान्सिस्को. अक्कम्माला ते नाव शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. ती नुसतं "तिकडं" म्हणायची.

निघताना पूनमनं तिकिटाचा एक कागद आईला दिला. अक्कम्मानं तो पोथीत ठेवला आणि बोट लावून वाचला.

"अहो, चारला निघतंय आन् साडेआठला उतरतंय. साडेचार तास की नुसते!"

"मुंबईला जायला आठ तास लागत्यात," सिद्रामप्पा म्हणाला. "म्हंजे अमेरिका मुंबईपेक्षा जवळ आली म्हण की."

"विमान हाय ते. तुमचा माग न्हवं, सारका बंद पडायला."

त्या दिवशी दुपारी बरोबर चार वाजता अक्कम्मा माझ्यासमोर बसली. वात वळली, तेलाची पळी हातात घेतली आणि मनातल्या मनात बोलली. पण देवापुढं बोललेलं समईला ऐकू येतं. ती म्हणाली, "महादेवा, माजी पोर जमिनीवर न्हाई. ती परत जमिनीवर टेकंपर्यंत हा दिवा मी विझू देणार न्हाई आन् उंबरा वलांडणार न्हाई."

एक पळी तेल मला दीड तास पुरायचं. पहिली पळी संपली, दुसरी संपली, तिसरी संपता संपता साडेआठ वाजले. अक्कम्मानं हात जोडले आणि मला शांत केलं. पोर पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पूनमचा फोन आला, "अव्वा, घरात आले गं आत्ता." अक्कम्मा म्हणाली, "झोप की आता." फोन ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "बघा, रात्री उतरली, सामान, तपासणी, सगळं करून आत्ता घरात. त्या देशात लई रांगा आसत्यात म्हणं."

मित्रांनो, तुम्ही शाळेत भूगोल शिकता. तुमच्या लक्षात आलं असेल. तिकिटावर निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते आणि उतरायची वेळ तिकडच्या घड्याळाची. आपल्याकडं दिवस तेव्हा तिकडं रात्र, हे अक्कम्मालाही ठाऊक होतं. पण तिच्या मनात ते एका फडताळात होतं आणि तिकीट दुसऱ्या फडताळात. कागदावर दोन आकडे होते, तिनं एकातून दुसरा वजा केला. मला तर तेवढंही येत नव्हतं. मी जळले आणि शांत झाले. त्या वेळी पूनम कुठं तरी समुद्रावर होती आणि तिची बारा-साडेबारा तासांची वाट अजून बाकी होती.

दोन वर्षांनी पूनम पहिल्यांदा घरी यायला निघाली. कागदावर होतं, सोमवारी दुपारी एकला निघणार, मंगळवारी सायंकाळी साडेपाचला मुंबईत उतरणार. अक्कम्मानं सोमवारी दुपारी आपल्या भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला तशी मला लावलं. रात्रभर ती माझ्यापाशी बसून होती. डोळा लागू नये म्हणून भिंतीला पाठ टेकत नव्हती. मंगळवारी साडेपाचला मी शांत झाले तेव्हा पळ्या झाल्या होत्या एकोणीस. साडेअठ्ठावीस तास! पहिले साडेबारा तास पूनम तिकडं आपल्या अंथरुणात गाढ झोपली होती, बॅग भरत होती, आणि मी इकडं तिच्या प्रवासासाठी जळत होते, हे आम्हा दोघींना कसं कळावं?

आणि खरं सांगू? अक्कम्माला यात काही वेगळं वाटलंच नाही. ती माझी काजळी पुसत हळूच म्हणाली, "जायला तीन पळ्या, यायला एकोणीस. म्हायेरची वाट आशीच आसती. जाताना कुनीतरी उचलून नेल्यागत होतंय. येताना सरता सरत न्हाई." बोळातल्या कुठल्याही बाईनं हे ऐकलं असतं तर मान डोलावली असती.

पूनम तीन वेळा येऊन गेली. चार वेळा जायला तीन, तीन वेळा यायला एकोणीस. माझ्या वाटीइतकं खरं माप दुसरं नाही, असं अक्कम्माला वाटू लागलं. मलाही वाटू लागलं. अहंकार काय फक्त माणसांनाच असतो?

चूक ज्याच्या लक्षात आली तो सिद्रामप्पा. दुसऱ्या खेपेला पूनमनं त्याला सांगितलं होतं, विमानातल्या पडद्यावर अंतर दिसतं, साडेतेरा हजार किलोमीटर. यंत्राचा माणूस तो. पूनम परत गेली त्या दिवशी त्यानं वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं भागाकार मांडला. मग एकटाच हसायला लागला.

"काय झालं हसायला?" आतून अक्कम्मा म्हणाली.

"काय न्हाई. तुजं विमान जाताना तासाला तीन हजार किलोमीटर पळतंय. बंदुकीची गोळी हाय. आन् येताना पावणेपाचशे."

"येताना माणसं जास्त आसतील."

त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली. पण दुसऱ्या दिवशी पहाटे, अक्कम्मा उठायच्या आधी, तो माझ्यासमोर येऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं वात वळली. जाड, वेडीवाकडी वात, दोऱ्याला पीळ द्यावा तशी. तीन पळ्या तेल घातलं आणि मला लावलं.

"तुज्या मालकिणीनं तुला रात्री साडेआठलाच निजवलं," तो हळू आवाजात म्हणाला, म्हणजे त्याच्या मानानं हळू. "पोर आजून वर हाय. नऊ वाजता टेकंल. तंवर जरा जाग."

अक्कम्मा उठून आली तर दिवा लागलेला! "आज सूर्य कुटं उगवला?"

"जाग आली लवकर. म्हणलं आपनच दिवा लावावा."

"महादेव पावला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी नवऱ्याला देव आठवला, असं तिला वाटलं. नऊ वाजले तसे त्यानं घड्याळाकडं पाहिलं आणि मला शांत केलं. मी मनात म्हणाले, सांग ना तिला. पण तो दारात जाऊन तंबाखू मळत बसला. बायकोचा दिवा मोडायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं. ते प्रेमच होतं, मित्रांनो. त्यात तिळमात्र खोट नव्हती. पुढच्या खेपेलाही त्यानं असंच केलं.

म्हणजे या घरात आता खरं माहीत असलेला माणूस होता तो, आणि त्याचं ऐकलेली मी.

गेल्या वैशाखात, एका सोमवारी सायंकाळी सात वाजता, चहाची कपबशी हातात असताना सिद्रामप्पाची छाती दुखू लागली. त्याचा धाकटा भाऊ शिवकुमार दोन घरं सोडून राहतो. तो धावत रिक्षा घेऊन आला. रिक्षा बोळाच्या तोंडाशी पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

शिवकुमारनं पूनमला फोन लावला. तिकडं पहाट होती. पूनम ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "काका, मी निघते. मी येईपर्यंत अप्पांना ठेवा." मध्यरात्रीनंतर दीड वाजता शिवकुमारच्या मोबाईलवर तिचा निरोप आला, "विमानात बसले." त्यानंतर तिचा फोन बंद.

आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. सिद्रामप्पाला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात फुलांचा हार. त्याच्या उजव्या हाताशी मला आणून ठेवलं. नंतर उकाडा वाढला म्हणून त्याच्याभोवती बर्फाच्या लाद्या रचल्या. रात्रभर मी त्याच्याजवळ जळत होते. आज वात वळणारा तो नव्हता.

मंगळवारी सकाळी सात वाजता माणसं जमली. मठातले वयस्कर अय्या आले. तेव्हाच ऊन दारातून आत घुसलं होतं. अय्या सावकाश म्हणाले, "लेक एकुलती एक हाय, तिला तोंड दिसायला पायजे. उद्या सकाळी आठपर्यंत थांबू. त्याच्या पुडं ह्या उन्हात शरीराचे हाल करू नयेत. उद्या आठपर्यंत ती येती का, एवढं सांगा."

शिवकुमार अक्कम्मासमोर खाली बसला. "वैनी, किती तास लागत्यात पूनमला यायला?"

अक्कम्मानं माझ्याकडं पाहिलं.

त्या नजरेतून मी आजही सुटलेले नाही. ती एकोणीस पळ्या मोजत होती. रात्री दीडपासून साडेअठ्ठावीस तास. बोटांच्या पेरांवर तिचा अंगठा फिरत होता.

"उद्या सकाळी सहाला मुंबईत," ती म्हणाली. "तितनं आठ तास. हितं यायला उद्याचे दुपारचे दोन."

"पक्कं का वैनी? पोरांपैकी कुनाला मोबाईलवर बघायला सांगू? विमान कुटं हाय ते दिसतंय म्हणत्यात."

"मोबाईल काय सांगतोय भावजी? मी तीन येळा मोजलंय. बसून मोजलंय. एक मिनिट इकडं तिकडं न्हाई."

कसं मोजलं, हे कुणी विचारलं नाही. नुकतंच कुंकू पुसलेल्या बाईला कोण विचारणार? आणि ती सांगणारही नव्हती, व्रत होतं ते.

मला वाचा असती तर! अगं अक्कम्मा, ती आज संध्याकाळीच उतरते आहे. उद्या सूर्य उगवायच्या आत ती या घरात असेल. थांबा. थांबा सगळे. जो सांगू शकला असता तो माझ्या शेजारी डोळे मिटून बसला होता. माझी वात तडतडली, एवढंच मला जमलं. अक्कम्मानं सवयीनं बोट पुढं केलं आणि काजळी झाडली. ज्योत पुन्हा स्थिर झाली.

"त्यास्नी उकाडा सोसत नव्हता," ती अय्यांना म्हणाली. "पोरीसाठी दोन दिस तिष्ठत ठिवू नका. आजच न्या."

दुपारी चार वाजता सिद्रामप्पाला माती दिली.

सगळे परत आले, अंघोळी झाल्या. माणसं पांगली. अक्कम्मा ओल्या केसांनी माझ्यासमोर येऊन बसली. त्याला बसवलं होतं त्या जागी फरशीवर विभूतीचा थोडा चुरा राहिला होता. सहा वाजत आले होते. तेवढ्यात फोन वाजला. आवाज अजून तसाच, बाहेर सोडलेला.

"अव्वा, उतरले! मुंबईत हाय मी."

अक्कम्माला कळेना. "कुटं?"

"मुंबईत गं. गाडी ठरवलीय, आत्ता निघते. दीड-दोनपर्यंत घरात. अव्वा, ऐक, अप्पांचे पाय मी धुणार. मी येईपर्यंत कुणाला धुवू देऊ नको. काकांना सांग. ऐकतेस ना?"

अक्कम्माचं लक्ष फरशीवरच्या विभूतीच्या चुऱ्याकडं गेलं.

"ये," अक्कम्मा म्हणाली.

"सांग काकांना."

"ये बाई. जपून ये."

फोन बंद झाला. अक्कम्मानं घड्याळाकडं पाहिलं. मग बोटं मोजली. मग पुन्हा मोजली. पुन्हा. शिवकुमार दारात आला तेव्हाही ती मोजतच होती. "भावजी," ती म्हणाली, "पूनम मुंबईत उतरली."

"कवा?"

"आत्ता."

शिवकुमार चौकट धरून उभा राहिला. तुम्ही तर सकाळी म्हणाला होता, असं तो म्हणू शकला असता.  त्यानं फक्त डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

आठ तास, मित्रांनो, आठ तास ती मुलगी गाडीत बसून येत होती, आणि तिच्या मनात तिचे अप्पा अजून घरात होते. ती आली. दारात चप्पल काढली, आत पाऊल टाकलं. तिला फक्त मी दिसले.

मग तिनं काकाकडं पाहिलं. "एक रात्र," ती म्हणाली. "काका, एक रात्र जड झाली तुम्हाला?"

शिवकुमारनं एकदा वहिनीकडं पाहिलं. अक्कम्मा दाराआड होती. तिनं पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला. शिवकुमारनं मान खाली घातली. "चुकलं पोरी माजं."

त्यानं ते आपल्या अंगावर घेतलं.

पुढचे दिवस कसे सांगू? पूनम काकाच्या घरचं पाणी पीत नव्हती. काकू भाकरी-आमटी घेऊन यायची, ताट झाकलेलं तसंच परत जायचं. शिवकुमार रोज सकाळी येऊन पायरीवर बसायचा, उन्हं वर आली की उठून जायचा. अक्कम्मा सगळं पाहायची. तिची पूजा चालू होती. उपास चालू होते. पण तिसऱ्या दिवशी तेल घालायला तिनं पळी उचलली आणि हात मध्येच थांबला. पळी तिनं परत बुधल्यात सोडली. त्या संध्याकाळी माझी वात कोरडी जळली, मग करपली. ती शेवटचीच. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा उपाशी राहिले. मला त्याचा राग नाही. तिच्या जागी मी असते तर मीही माझ्याकडं पाहिलं नसतं.

अकराव्या दिवशी शिवगणाराधना झाली, पंगत उठली. पूनमला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. ती बॅग भरत होती. अक्कम्मा आली, तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तेलाची पळी तिच्यापुढं ठेवली.

"काकाला बोलू नको. त्यानं न्हाई. मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

मग अक्कम्मानं सगळं सांगितलं. तिकिटाचा कागद, चार ते साडेआठ, तीन पळ्या, एकोणीस पळ्या, उंबरा न ओलांडणं, सगळं. आईला दिलेला शब्द तिनं त्या दिवशी मोडला. सांगताना ती रडली नाही. तिचा आवाज पूजेत बोलावं तसाच मऊ होता. "मी तुला एकोणीस पळ्या लांब ठिवलं," ती म्हणाली. "तुज्या अप्पांना आजच न्या म्हणून मीच म्हणाले. काका मोबाईलवर बघू म्हणत होता, मीच नको म्हणाले."

पूनमनं पळीच्या कडेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता ही ओरडेल. उठून जाईल.

"अव्वा," ती म्हणाली, "मला म्हाईत होतं."

"काय म्हाईत होतं?"

"तू चुकीचं मोजतेस ते. अप्पांनी फोनवर सांगितलं होतं. लई हसत होते. म्हणाले, तुजी अव्वा तुला तीन पळ्यांत अमेरिकेला पोचवती. मी म्हणलं, सांगू का तिला? तर म्हणाले, नको, तिचं व्रत हाय, तिला वाईट वाटंल." पूनमचा आवाज फुटला. "मी पण हसले गं. मला लई गोड वाटलं. मैत्रिणींना सांगितलं, त्यापण हसल्या. एकदा, नुसतं एकदा तुला सांगितलं असतं..."

तिनं तोंड ओंजळीत लपवलं.

अक्कम्मानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.  मग अक्कम्मानं विचारलं, "मग खरं किती गं? पळ्या किती?"

पूनमनं डोळे पुसले. पळी उचलली, बोटांवर हिशेब केला. "अकरा, अव्वा. जायला अकरा."

"आन् यायला?"

"यायलाबी अकराच."

"सारकंच?"

"सारकंच."

अक्कम्मा मग रडली. त्या अकरा दिवसांत पहिल्यांदा. इतकी वर्षं तिला वाटत होतं, लेक जाते पटकन आणि येते सावकाश. वाट तर दोन्हीकडून एवढीच होती.

त्याच संध्याकाळी पूनम अनवाणी दोन घरं सोडून गेली. तिथं काय बोलणं झालं मला माहीत नाही, कोनाड्यातून तेवढं दिसत नाही. पण परत आली तेव्हा तिच्याबरोबर काकू होती, आणि झाकलेल्या ताटातली भाकरी पूनमनं माझ्यासमोर बसून खाल्ली. पाणीही त्यांच्याच तांब्यातलं प्याली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. विमान उडालं तेव्हा अक्कम्मानं मला लावलं नाही. ती उंबऱ्यावर बसून राहिली, संध्याकाळभर, आणि पहाटेपासून पुन्हा. नऊ वाजता उठली आणि भांडी घासायला गेली.

त्याला आता वर्ष होईल. देवापुढं ती छोटं निरांजन लावते. मी मागं आहे, अंधारात. शनिवारी तिचा हात माझ्यापर्यंत येतो आणि परत फिरतो. माझ्या नंदीवर कोळ्यानं जाळं केलं आहे. चिंच लावून मला पुन्हा लखलखीत करा, असं मी म्हणणार नाही. पितळ काळं पडलं तर पुन्हा उजळतं. त्याची घाई नाही.

माझं मागणं दुसरं आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कुणीतरी नक्की असेल, आजी असेल, आई असेल, जी मनापासून काहीतरी चुकीचं मोजत असेल. तुम्हाला ते कळलं तर हसा, खुशाल हसा, पण हसून गप्प बसू नका. तिच्याजवळ जा. तिचा हात हातात घ्या आणि हळू आवाजात तिला खरं सांगा. तिला वाईट वाटेल. वाटू द्या. माणूस समोर असताना वाटलेलं वाईट पुसता येतं. सिद्रामप्पासारखं प्रेम करा, पण त्याच्यासारखे गप्प राहू नका. मी गप्प राहिले कारण मी पितळेची आहे. तुम्ही पितळेचे नाही.

रोज सकाळी पूनमचा फोन येतो. जेवलीस का, बरी आहेस का, हे अक्कम्मा नंतर विचारते. आधी म्हणते, "तुज्याकडं आत्ता किती वाजले गं?" पूनम सांगते. अक्कम्मा तो आकडा तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणते, आणि मगच पुढचं बोलायला लागते.